मोठ्या बाई आणि माझ्या मुलाचं एक वर्ष

आमच्या मोठ्या बाईंच्या ऑफिसात बसायच्या दोन जागा होत्या. एक हातांची वेताची खुर्ची. तिच्यावर गादी, आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली लाकडी पाट. ती मुलांसाठी. दुसरी जागा म्हणजे भिंतीलगत अंथरलेलं, पहिलीच्या वर्गातून निवृत्त झालेलं एक विटकं बस्कर. ते पालकांसाठी. मग पालक कुणीही असोत, पंचवटीतले सोवळ्यातले गुरुजी असोत नाहीतर मार्केटात कांदा उतरवून तसेच थेट आलेले शेतकरी असोत.

"बसा, अहो बसा," असं बाई सहा वर्षांच्या मुलीला म्हणायच्या, आणि तिच्या बापाला, "तू खाली बस. आणि भिंतीला पाठ लावू नकोस, चुना लागेल."

बाई नाशकातल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलांना अहो-जाहो आणि मोठ्यांना अरे-तुरे, हा त्यांचा शिरस्ता. त्यात चुकूनही गफलत व्हायची नाही. सुती पातळ, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते बूट दर रविवारी खडू उगाळून स्वतः पांढरे करायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "एवढ्या लहान वयात कसं करू?" तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

मी त्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मला खात्रीच पटली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, बालमानसशास्त्राच्या पेपरात पहिली आलेली. बालकाचे मन म्हणजे ओली माती, कोवळे रोप आणि कोरी पाटी, असं सगळं मी एकाच उत्तरात लिहिलं होतं. एकच मूल एकाच वेळी माती, रोप आणि पाटी कसं असेल, हे मला सुचलं नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. तो पेपर मी पुढे कितीतरी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. वाळवीने खाल्ला. वाळवीला माझ्यापेक्षा जास्त कळत असावं.

आता आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मी माझ्या मुलाचं एक वर्ष चोरलं. तो पाच वर्षांचा असताना त्याला शाळेत सहाचा म्हणून घातला. ते सहा मग त्याला आयुष्यभर चिकटले. शाळेच्या दाखल्यावर, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर, नोकरीच्या कागदांवर, सगळीकडे तो स्वतःपेक्षा एक वर्षाने मोठा. या मे महिन्याच्या अखेरीला तो अंबडच्या कारखान्यातून अठ्ठावन्न वर्षांचा म्हणून निवृत्त झाला. होता सत्तावन्नचा. आमचे हे गेले, जाऊबाई गेल्या, मोठ्या बाईंना जाऊनही बरीच वर्षं झाली. हे ठाऊक असलेली मी एकटी उरले, वय ऐंशी. त्याला सांगावं, की न सांगता वर निघून जावं, हा घोळ माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं चालला होता. जेव्हा जेव्हा सांगायला जायची, तेव्हा तेव्हा काहीतरी भाजी निवडायची राहिलेली आठवायची.

तर बाई.

एकदा खात्याचे साहेब तपासणीला आले. सगळी शाळा इस्त्रीत. साहेब दारातून आत पाऊल टाकणार तोच बाई म्हणाल्या, "अरे, पाय पुसून ये." आम्ही शिक्षिका भिंतीत शिरायच्या बाकी होतो. साहेबांनी चक्क पाय पुसले. मग तिसरीच्या वर्गात जाऊन त्यांनी सगळे साहेब विचारतात तेच विचारलं. "मुलांनो, मोठेपणी तुम्ही कोण होणार?"

बाई म्हणाल्या, "हे आत्ता कोण आहेत, ते आधी विचार."

साहेब गोंधळले, पण त्यांनी तसं विचारलं. एकजण म्हणाला, मी घाटावर फुलं विकतो. एक म्हणाली, मी भाकरी टाकते. एकाने सांगितलं, माझा बाप दारू पितो, मी त्याला घरी आणतो. साहेबांनी वही उघडली. वहीत काय लिहिलं कोण जाणे. जाताना मात्र बाईंना वाकून नमस्कार केला, आणि बाईंनी "मोठा हो" असा आशीर्वाद दिला.

पालकांना लहान मुलं का समजता, असं मी एकदा धीर करून विचारलं. बाई तेव्हा शेंगदाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "हट्ट कोण करतं? शेजारच्याकडे आहे म्हणून मला पाहिजे, असं कोण म्हणतं? मनासारखं झालं नाही की पाय कोण आपटतं? दाखव मला या शाळेतलं एक तरी पोर. आणि आता त्यांच्या आईबापांना आठव."

मला माझ्या घरातलीच माणसं आठवायला लागली. त्यात स्वतः मी नव्हते. मी आपली खुर्चीत बसणाऱ्यांतली, असा माझा समज होता.

तिसरीत एक मुलगी होती. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतात मजुरीला जायची. मुलगी आठवड्यातून दोनदाच शाळेत येई. बाईंनी आईला बोलावून घेतलं. ती बस्करावर बसून म्हणाली, "बाई, मी कामाला गेल्यावर तान्ह्याला कोन बघनार? पोरगी शाळंत आली तर पोराचं काय करू, सांगा बरं?"

"दोघांना पाठव," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी कडेवर भाऊ घेऊन आली. बाईंनी तिला वेताच्या खुर्चीत बसवलं. "अहो, सकाळपासून काय काय झालं तुमचं?"

मुलीने बोटांवर मोजून सांगितलं. पाणी भरलं, भाकरी टाकल्या, भांडी घासली, धुणं वाळत घातलं.

"मग तुमचं आजचं काम संपलं. गृहपाठ तुम्हाला माफ. दुपारच्या सुट्टीपर्यंत तुम्ही फक्त खेळायचं. कुणी बोलावलं तरी जायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "तू काय बघत उभी? बाळ घे."

बालमानसशास्त्रात पहिली आलेली मी दिवसभर एक रडकं बाळ खांद्यावर टाकून व्हरांड्यात फिरत होते. त्या बाळाने माझं नवं पातळ दोनदा भिजवलं. मी चिडून म्हणाले, "बाई, तिचं अभ्यासाचं वय आहे, आणि तुम्ही तिला खेळायला लावता?"

बाई म्हणाल्या, "वयाचं काय घेऊन बसलीस? लहानपण म्हणजे सवड असते गं. ती कुणीतरी कुणालातरी द्यावी लागते. हिला कुणी दिली नाही, म्हणून मी देतेय. तू वय मोज, मी सवड मोजते."

ही मुलगी पुढे गणितात पहिली आली वगैरे सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. ती बेताचीच होती. लंगडीत मात्र तिला कुणी बाद करू शकत नसे.

खेळाची बाईंना भारी हौस. मधल्या सुट्टीत मुलींबरोबर सागरगोटे खेळायच्या, आणि जिंकायला खेळायच्या. एखादी चिमुरडी हरून रडवेली झाली तरी बाई डाव सोडत नसत. मी म्हटलं, "एखाद्या वेळी हरलात तर काय बिघडेल?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांना खोटी सही करायला सांगितली होती. "मुद्दाम हरू? त्यांचा अपमान करू?" आणि खरोखर हरल्या की दिवसभर गप्प असायच्या.

आता माझ्यावर येते.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा माझ्या शिरीषपेक्षा एका वर्षाने मोठा. त्या जूनमध्ये तो पहिलीत जाणार होता. जाऊबाईंनी गुढीपाडव्यापासून घरात त्याचाच जप लावलेला. नवं दप्तर आलं, नवी पाटी आली, आल्यागेल्याला दाखवून झाली. आणि माझा शिरीष अंगणात उकिडवा बसून मुंग्या बघतोय. मी शिक्षिका, मी पेपरात पहिली, आणि माझा मुलगा घरी लोळणार? माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ठरवलं, याच वर्षी घालायचा.

त्या काळी शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुणी मागत नसे. बऱ्याच जणांकडे तो नसायचाच. शिरीष माझ्या माहेरी, चांदवडजवळच्या खेड्यात झालेला. साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा भरायची धांदल चालली होती, एवढीच त्याच्या जन्माची नोंद. शाळेतली परीक्षा वेगळी असे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की मूल सहाचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी या.

शिरीषचा हात कानापासून चांगला तीन बोटं अलीकडेच थांबायचा.

मग मी सगळा मे महिना त्याची शिकवणी घेतली. रोज सकाळी दंडाला तेल लावून हात ओढायचा. कानामागे खोबऱ्याचा तुकडा धरायचा, हात पोचला की खायचा. तिसऱ्या आठवड्यात पोराने युक्ती काढली. मान इतकी उजवीकडे वाकवायची की डावा कान आपणहून वर येतो. मी काही बोलले नाही. उलट शाबासकी दिली. बालकाची सुप्त शक्ती म्हणतात ती हीच, असंही मनाशी म्हणाले. आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पोराची मान धरेल." मी म्हटलं, "तुम्हाला शिक्षणातलं काही कळत नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला घेऊन बाईंच्या ऑफिसात गेले. शिरीष खुर्चीत. मी जरा वेळ उभी राहिले. मग बाईंनी बोट दाखवलं, तशी बस्करावर बसले. शिक्षिका झाले म्हणून काय झालं, त्या दिवशी मी पालक होते.

"याला सहा पूर्ण झाली," मी म्हटलं.

"तुला विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "अहो, तुमचं वय काय?"

"आई म्हणते सहा," शिरीष म्हणाला. "आजी म्हणते पाच."

"बरं. कान धरा बघू."

शिरीषने मान वाकवली, आणखी वाकवली, हात फेकला आणि खुर्चीच्या हातावरून थेट खाली कोसळला. कान मात्र सोडला नाही. तसाच कान धरून जमिनीवर पडून माझ्याकडे बघत होता, खोबरं कधी मिळतंय म्हणून.

बाईंनी त्याला उठवलं, गुडघा झटकला, परत खुर्चीत बसवलं. "तुम्हाला यायचंय का शाळेत?"

"आत्ता नको. घरी काम आहे."

"कसलं?"

"मुंग्यांचं. त्या तुळशीपासून मोरीपर्यंत रस्ता करतायत. रोज बघावं लागतं."

"किती दिवस चालेल अजून?"

शिरीषने विचार केला. "एक वर्ष."

बाईंनी मान डोलावली. "मग पुढच्या जूनमध्ये या. हातातलं काम अर्धवट टाकू नये." आणि त्याला शिपाईमामांबरोबर बाहेर पाठवून माझ्याकडे वळल्या.

"हा नक्की कुठल्या वर्षीचा म्हणालीस?"

मी धडधडीत एक वर्ष मागचं सांगितलं.

"त्या वर्षी फेब्रुवारीत संमेलनात तू लेझीम खेळलीस," बाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत. फुगडीही घातलीस. पोटात सहा महिन्यांचं घेऊन?"

मी बस्कराचा सुटलेला दोरा ओढायला लागले.

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी तू बाळंतपणाची रजा मागितलीस. अर्ज या कपाटात आहे. मंजुरीची सही माझी आहे. अगं, जगात कुणाशीही खोटं बोल, पण जिने रजा दिली तिच्याशी?"

एवढा महिनाभर पोराचा हात ओढला, पण हे एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला रडू फुटलं. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, बस्करावर बसून हुंदके देत म्हणाले, "जाऊबाईंचा जाणार आणि माझा नाही!"

"नाक पूस," बाई म्हणाल्या. "ते वर्ष तुझं नाही, त्याचं आहे. त्याने काय करायचं ते ठरवलंय."

आता इथे मी शहाणी झाले असते तर किती बरं झालं असतं. मी घरी गेले, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या दुसऱ्या शाळेत त्याला घेऊन गेले. तिथल्या हेडमास्तरांना घाई होती. "जन्मतारीख?" मी म्हटलं, "नक्की आठवत नाही, पण सहा पूर्ण." त्यांनी मान वर न करता एक जून लिहिलं. तारीख ठाऊक नसली की एक जून लिहायचा, शाळा सुरू होतात ना तेव्हा. आमच्या वेळचा निम्मा तालुका एक जूनला जन्मलेला आहे. झालं. लेखणीच्या एका फटक्यात माझा मुलगा वर्षाने वाढला.

बातमी बाईंपर्यंत पोचलीच. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत त्यांनी मला एवढंच विचारलं, "मुंग्यांना कळवलंस का?"

शिरीष अभ्यासात मागे पडला नाही. हुशारच होता. पण वर्गात सगळ्यात लहान, सगळ्यात बुटका. मुलं कबड्डी खेळायला लागली की त्याला लिंबूटिंबू करायची. म्हणजे खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याने गडी टिपला तरी टिपलेला नाही. आमच्या गॅलरीतून मैदान दिसायचं. माझा मुलगा जीव तोडून धावतोय, ओरडतोय, कुणाला तरी शिवतोय, आणि खेळ त्याच्यावाचून चाललाय. असं चौथीपर्यंत चाललं. मी गॅलरीत कपडे वाळत घालायचं सोडून दिलं. गच्चीवर घालायला लागले.

बाई दर वर्षी वैशाखात, शिरीषच्या खऱ्या वाढदिवसाला आमच्याकडे यायच्या. त्र्यंबकच्या बाजूने आलेल्या बायका पानांच्या द्रोणातून करवंदं विकतात, तसला एक द्रोण हातात. दारातूनच विचारायच्या, "साहेब आहेत का घरात?" आमचे हे पहिल्या वर्षी लगबगीने शर्ट घालून बाहेर आले. बाई म्हणाल्या, "तू नाही रे."

मग बाई आणि शिरीष पायरीवर बसून करवंदं खात अर्धा तास बोलत. मी चहा घेऊन गेले की बाई हात करत. "मोठी माणसं बोलताहेत. तू आत जा." मी आत जाऊन खिडकीशी कान लावायची. करवंदांच्या बिया थुंकल्याचा आवाज तेवढा यायचा. बाई निवृत्त झाल्या, बहिणीकडे राहायला गेल्या, तरी शिरीष मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही. माझ्या त्या चोरीबद्दल मला मात्र पुन्हा कधी एका शब्दाने टोचलं नाही. मला आतून फार वाटायचं, टोचावं.

आता आमच्याकडे पणती आहे, शिरीषच्या लेकीची मुलगी. साडेतीन वर्षांची. ती कितव्या मिनिटाला जन्मली तेसुद्धा दवाखान्याच्या कागदावर आहे, वर व्हिडिओही आहे. तिचं वर्ष चोरायची कुणाची छाती नाही. म्हणून मग ते भरून टाकतात. सोमवारी नाच, मंगळवारी चित्रकला, बुधवारी तिला इंग्रजीतून गोष्टी सांगायला कुणी बाई मोबाइलवर येते. हॉटेलात काय मागवायचं ते तिला विचारतात, गाडीचा रंग तिला विचारून घेतला. बाईंना हे आवडलं असतं, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, मातीत बसायचं का, हे तिला कुणीच विचारत नाही. तिने डबा संपवला की शाळेतून आईच्या फोनवर निरोप येतो. शाळेत नाव घालताना मुलाखत आईबापांची झाली. माझा नातजावई आदल्या दिवशी आरशासमोर उभा राहून उत्तरं पाठ करत होता, आणि जाताना मला नमस्कार करून गेला. मी मनात म्हटलं, बाबा रे, तुला बस्करावर बसवणारी माणसं गेली.

हसते खरी, पण त्यांचं काय चुकतं? ते निदान खोटं बोलत नाहीत.

शिरीषच्या निवृत्तीचा समारंभ शनिवारी कारखान्यातच झाला. शाल, श्रीफळ, सगळ्यांचे मोबाइल वर. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. प्रत्येक वक्ता उठून "अठ्ठावन्न वर्षांचे हे तरुण" म्हणायचा, आणि मी खुर्चीत इंचभर खाली जायची. शेवटी एका साहेबांनी जाहीर केलं की शिरीष घरी बसणार नाही, त्यांच्या दुसऱ्या युनिटला सल्लागार म्हणून परवापासूनच, म्हणजे सोमवारपासून रुजू होतोय. टाळ्या झाल्या. सूनबाईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या. तिने आठवडाभर आधीच त्याचे नवे शर्ट आणून ठेवले होते. "घरी बसला की माणूस गंजतो," असं ती इंदिरानगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली होती.

शिरीषने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने फक्त मान हलवली. ही मान मी ओळखते. "खेळायला घेतलंय ना, मग झालं," अशी ती मान आहे.

रविवारी सकाळी सूनबाई दूध आणायला खाली गेली होती. शिरीष पोहे खात होता. निवडायची भाजी घरात नव्हती. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तू काल रिटायर व्हायला नको होतास."

"का?"

"तू सत्तावन्नचा आहेस. मी तुला पाचव्या वर्षी सहाचा करून शाळेत घातला. तुझं एक वर्ष मी घेतलं. जाऊबाईंच्या नाकावर टिच्चून." मग सगळं सांगितलं, तेल, खोबरं, लेझीम, एक जून. तो पोहे खात राहिला. मी थांबले तेव्हा तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "मला माहितीये, आई."

"काय माहितीये?"

"सगळं. चौथीत होतो तेव्हा बाईंनी सांगितलं. पायरीवर बसून. लिंबूटिंबू करतात म्हणून मी रडत होतो, तर म्हणाल्या, तुम्ही कमी पडत नाही अहो, तुम्ही एक वर्षाने लहान आहात. त्यांच्या बरोबरीने पळताय, म्हणजे तुम्हीच पुढे आहात. मग मी रडायचा थांबलो."

"आणि मला बोलला नाहीस? एवढी वर्षं?"

"बाईंना शब्द दिला होता. म्हणाल्या, आईला विचारू नका. ती आपण होऊन सांगेल. तिला थोडा वेळ द्या, ती अजून लहान आहे."

मला राग यावा की रडू, ते कळेना. नऊ वर्षांच्या पोराने पायरीवर करवंदं खाता खाता मला सवड दिली होती, आणि मी ती सगळी, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं, घेतली. मी म्हटलं, "थोडा वेळ म्हणजे एवढा?"

"काही जणांना लागतो," शिरीष म्हणाला आणि हसला. मग बराच वेळ ताटलीतल्या शेंगदाण्यांशी खेळत बसला. एक एक बाजूला काढायचा, परत आत ढकलायचा.

"आई, म्हणजे माझ्याकडे एक वर्ष आहे."

"आहे. माझ्याकडून घे."

तेवढ्यात सूनबाई दुधाच्या पिशव्या घेऊन आत आली. शिरीषने तिच्याकडे बघितलं, मग फोन उचलला आणि त्या साहेबांना लावला. "नमस्कार साहेब. रविवारी त्रास देतोय. उद्यापासून नाही जमणार. नाही नाही, तब्येत उत्तम आहे. कागदपत्रांत घोटाळा निघालाय. माझं वय भरत नाहीये. एक वर्ष कमी पडतंय... हो, पुढच्या जूनमध्ये येतो."

त्याने फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा, कुठे जातोय ते न सांगता जिना उतरून गेला.

सूनबाई दुधाच्या पिशव्या हातात घेऊन तशीच उभी होती. तिने दाराकडे बघितलं, इस्त्री करून ठेवलेल्या नव्या शर्टांकडे बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडे वळली.

मी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं.